संपणाऱ्या खेळाची डबी

आमची पहिली डबी लाकडाची होती. तिला स्क्रीन नव्हता, सेल नव्हते, एकही वायर नव्हती. सागवानाचा तळहातात मावेल एवढा तुकडा, कडा घासून गोल केलेल्या, आणि वर पेन्सिलीनं काढलेली चार बटणं. ती मी दोन आठवडे पर्समध्ये घेऊन फिरले. बँकेत रांगेत उभी असताना, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना ती काढायची आणि दोन्ही अंगठे फिरवून बघायची, कुठे अवघडतंय का. दवाखान्यात शेजारी बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "त्यात औषध असतंय व्हय?" मी म्हटलं, "नाही, खेळ आहे." त्या जरा सरकून बसल्या.

खेळण्याचं यंत्र करायचं हे माझ्या डोक्यात कधीच नव्हतं. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. फाउंड्रीतली, मशीन शॉपमधली मशिनं बंद पडली की त्यांची कंट्रोल कार्डं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सर्किटच्या पाट्या, माझ्याकडे येतात. जळालेला भाग शोधायचा, बदलायचा, कार्ड परत पाठवायचं. वीस वर्षं हेच केलं आणि मला ते आवडतही होतं. दुसऱ्यानं केलेली वस्तू आपण बरी करायची, एवढीच माझी झेप.

यंत्राची कल्पना मैत्रिणीची. आम्ही दोघी पॉलिटेक्निकला एका बाकावर बसायचो. ती जयसिंगपूरची, घरचं पिढीजात कापडदुकान. शिक्षण झाल्यावर ती पुण्याला गेली आणि मोबाईलवरचे खेळ लिहिणाऱ्या एका कंपनीत लागली. दिवाळीत यायची तेव्हा भेट व्हायची. एका वर्षी ती दिवाळीला आली ती परत गेलीच नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या वर्कशॉपमध्ये येऊन स्टुलावर बसली.

"शेवटची दोन वर्षं माझं काम काय होतं माहीत आहे?" ती म्हणाली. "खेळणारा माणूस कंटाळून फोन खाली ठेवायच्या बेतात कधी येतो, ते शोधायचं. आणि त्याच्या आधी त्याला एक छोटं बक्षीस द्यायचं, म्हणजे तो ठेवत नाही."

"मग?"

"मग काही नाही. परवा घरी आले तर आई तोच खेळ खेळत बसलेली. ताटात भाकरी तशीच. मी म्हटलं, आई, संपव की आता. तर म्हणाली, संपतो कधी ते तूच सांग, तुझ्याच कंपनीचा आहे."

एवढं बोलून तिनं माझ्या टेबलावरचं अर्धवट सोल्डर केलेलं कार्ड उचललं आणि उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, "मला संपणारा खेळ करायचाय. फोनवर नाही, कारण फोन कुणाला सोडत नाही. वेगळ्या यंत्रावर. यंत्र तू कर."

मी हसले. पण त्याच आठवड्यात मी जुन्या कार्डावरचे भाग काढून एका पाटीवर चार बटणं आणि एक लहान स्क्रीन जोडून बघितला. तिनं त्यावर एक ठिपका इकडून तिकडे फिरवला. दुरुस्तीत असा आनंद मला कधी झाला नव्हता हे मान्य करायला हवं. तो ठिपका आधी कुठेच नव्हता.

तिसरे आमचे काका, नात्यातले नव्हेत, शेजारचे. ते डायमेकर. प्लास्टिकची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिचा पोलादी साचा लागतो, त्याला डाय म्हणतात. माझ्या वर्कशॉपला लागूनच त्यांचं शेड. साठी ओलांडलेली, पांढरी मिशी, बोलणं तोडून. मी कागदावर काढलेलं चित्र त्यांनी हातात धरलं, उलटं करून बघितलं आणि म्हणाले, "ह्ये कागदावर कळत न्हाय. हातात धरायची वस्तू हाय न्हवं? मग आदी हातात येऊ दे." काका तरुणपणी फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी सागवानाचा तो तुकडा माझ्यासमोर ठेवला. त्या तुकड्याला काका डबी म्हणाले आणि पुढे सगळेच डबी म्हणायला लागले. दुसरं बरं नाव शोधायचं राहूनच गेलं.

पुढची पावणेदोन वर्षं आम्ही डबी केली. स्क्रीन रंगीत घ्यायचा की साधा, यावर महिनाभर घोळ घातला. शेवटी मी घड्याळात असतो तसा, बाहेरच्या उजेडावर दिसणारा काळा-पांढरा स्क्रीन घेतला. तो फार कमी वीज खातो, त्यामुळे दोन पेन्सिल सेलवर डबी कित्येक आठवडे चालणार होती. आणि पेन्सिल सेल कुठल्याही टपरीवर मिळतात. अंधारात मात्र तो दिसत नाही. मैत्रीण म्हणाली, "बरंच आहे. अंधारात झोपावं माणसानं."

तिनं तीन खेळ लिहिले. एक वाघ-शेळीचा, आपण लहानपणी फरशीवर खडूनं आखून खेळायचो तो. एक नावाड्याचा, माणसांनी भरलेली नाव नदीपार न्यायची. आणि एक गुऱ्हाळाचा. त्यासाठी ती हंगामात आठ दिवस एका गुऱ्हाळावर जाऊन बसली. चुलीला जाळ किती घालायचा, उकळत्या रसावर येणारी मळी कधी काढायची, रस कधी उतरवायचा, हे सगळं वहीत लिहून आणलं. तिच्या खेळात जाळ जास्त झाला तर गूळ काळा पडायचा, मळी राहिली तर खारवट व्हायचा. सात-आठ मिनिटांत ढेप तयार व्हायची, ढेपेचं चित्र यायचं आणि खेळ थांबायचा. पुन्हा खेळा असं ती डबी कधी म्हणायची नाही. मला ते जरा उद्धट वाटायचं.

एक गोष्ट मी माझ्याकडून घातली. दहा सेकंद बटण दाबलं नाही तर डबी आहे त्या जागी थांबायची आणि झोपी जायची. सेल वाचावेत एवढाच हेतू होता.

पहिल्या तीनशे डब्यांचं प्लास्टिक ओतून आलं तेव्हा मी वर्कशॉप झाडून, टेबलावर स्वच्छ कापड अंथरून ठेवलं होतं. पहिली डबी जोडली, बटण दाबलं, आणि ते आतच अडकून बसलं. दुसरी जोडली, तेच. दहा डब्या जोडल्या, दहाही तशाच. मी एक डबी मुठीत घेऊन तशीच काकांच्या शेडमध्ये गेले.

"काका, भोकं लहान पडलीत. डाय चुकली तुमची."

शेडमध्ये दोन कामगार होते. त्यांनी हातातलं काम थांबवलं. काकांनी चष्मा लावला, डबी बघितली, मग कपाटातून माझाच कागद काढला. डायमधल्या, भोकांची जागा राखणाऱ्या पिना मापून दाखवल्या. एकेक माप कागदाबरहुकूम.

"ताई, डाय खोटं बोलत न्हाय," ते शांतपणे म्हणाले. "पलास्टिक कुठलं वतलंय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्लास्टिक थंड होताना आकसतं, आणि प्रत्येक प्रकारचं वेगवेगळं आकसतं. ते धरूनच डाय कापलेली असते. मध्यंतरी नमुन्याच्या डब्या पडल्यावर तडकायला लागल्या, म्हणून मी जरा चिवट प्लास्टिक निवडलं होतं. ओतणाऱ्याला सांगितलं, काकांना सांगायचं राहून गेलं. नवं प्लास्टिक जास्त आकसलं आणि भोकं लहान झाली. चूक सगळी माझी होती, आणि मी ती त्यांच्या माणसांसमोर त्यांच्या माथी मारली होती.

मी माफी मागितली, तीही त्या दोघांसमोरच. काका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. कानस आणा घरनं." पिना बदलून द्यायला त्यांना दोन दिवस लागले. पण ओतून आलेल्या तीनशे डब्या टाकून द्यायला जीव होईना. मी, मैत्रीण आणि काका, तिघंही चार दिवस बसून बाराशे भोकं हातानं कानसत होतो. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "चुकलासा, पर चुकीतनं हात तरी बसला." मला त्या दिवसांत बरं वाटत होतं. का ते सांगता यायचं नाही.

बाजारात आणायचा कार्यक्रम आम्ही शहरातला एक लहान हॉल घेऊन केला. खेळण्यांचे व्यापारी बोलावले, मोबाईलवाले बोलावले, चहा आणि बटाटेवडे ठेवले. मैत्रिणीनं उभं राहून सगळं नीट सांगितलं. एका जाड्याशा व्यापाऱ्यानं डबी कानाला लावली, हलवून बघितली.

"रंग न्हाय, गाणं न्हाय," तो म्हणाला. "रडणारं पोरगं ह्यानं गप कसं बसायचं?"

"लहान मुलांसाठीच नाही ही," मैत्रीण म्हणाली.

"मग कुणासाठी?"

त्याचा प्रश्न वाकडा नव्हता. आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी अकरा डब्या गेल्या, त्यातल्या सात आमच्या नातेवाइकांनी घेतल्या. काही दुकानांनी ठेवून बघतो म्हणून नेल्या आणि दोन महिन्यांनी धूळ पुसून परत दिल्या.

मग पुण्याच्या एका वितरकाचा फोन आला. डबी त्याला आवडली होती. सगळा माल उचलतो म्हणाला, फक्त दोन बदल करा. तिला इंटरनेट जोडा, आणि खेळ संपू देऊ नका. संपला की माणूस यंत्र विसरतो, असं त्याचं म्हणणं.

मी हो म्हणायच्या बाजूची होते. दोन वर्षं वर्कशॉपची निम्मी कामं मी परत पाठवली होती. कपाटात डब्यांचे खोके छतापर्यंत लागले होते. मैत्रिणीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मी पुणं सोडलं कशाला?"

"तुला सोडायला परवडलं," मी म्हटलं. "तुझ्यामागे दुकान आहे."

ती उठली, चप्पल घातली आणि गेली. दहा दिवस आम्ही बोललो नाही. ओळख झाल्यापासून इतके दिवस अबोला कधी धरला नव्हता.

त्या दहा दिवसांतच मी जोतिबाला गेले. घरात लग्न ठरलं होतं, देवाला सांगून यायचं होतं. मंगळवार असल्यामुळे डोंगरावर गर्दी नव्हती. रविवारी पाय ठेवायला जागा नसते, तिथे दुकानदार खुर्च्या टाकून बसलेले. आमच्या घरचं गुलाल-खोबरं वर्षानुवर्षं एकाच दुकानातून येतं. दुकान चालवणारी मावशी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी असेल. चपला आणि पर्स तिच्याकडे ठेवून मी देवळात गेले. परत आले तर मावशी विचारते, "ताई, तुमची पर्स पडली अन् ह्ये भाईर आलं. काय हाय ओ ह्ये?"

पर्समध्ये ठेवलेली डबी होती ती. मी चालू करून तिन्ही खेळ दाखवले. तिनं गुऱ्हाळाचा खेळ लावायला सांगितला, कारण तिचं माहेर पन्हाळ्याकडचं आणि भावाचं गुऱ्हाळ होतं. दुपारचं ऊन सरळ दुकानात येत होतं. तिनं डोळे बारीक केले नाहीत की हात आडवा धरला नाही. स्क्रीन उन्हात अधिकच स्पष्ट दिसत होता. पहिली ढेप तिनं जाळली. "जाळ लई झाला," असं म्हणून परत सुरू केलं. मध्येच दोन बायका खोबऱ्याच्या वाट्या मागायला आल्या. मावशीनं डबी पोत्यावर ठेवली, खोबरं दिलं, गुलालाच्या पुड्या बांधल्या, सुट्टे पैसे दिले, आणि डबी परत उचलली.

"हितंच थांबलंय की," ती म्हणाली. "माझी वाट बगत."

थोड्या वेळानं ढेप झाली. ती म्हणाली, "झाला गूळ. आता?"

"आता काही नाही. संपला खेळ."

मला वाटलं ती नाक मुरडेल. ती म्हणाली, "ह्ये बरं हाय. त्या मोबाईलवर काय, गिऱ्हाईक म्होरं हुबं अन् आपण खाली मान घालून. माझ्या सुनेवर मी त्यापायी कावतो, अन् मीबी तसंच करतो. ह्ये संपतंय तरी." आमच्याकडच्या बायका बोलताना करतो, जातो असंच म्हणतात. मग तिनं डबी गल्ल्याशेजारी ठेवून दिली. "ऱ्हाऊ दे माझ्याकडं. पुढल्या खेपंला सांगतो कशी हाय."

डोंगर उतरताना मी गाडी बाजूला घेतली आणि मैत्रिणीला फोन लावला. सगळं जसंच्या तसं सांगितलं, उन्हाचं, खोबऱ्याचं, पोत्यावर ठेवल्याचं. शेवटी मी म्हटलं, "दुकानाचं बोलले ते चुकलं माझं."

"लागलं मला ते," ती म्हणाली. मग विचारलं, "मावशीनं मळी किती वेळा काढली?"

दुसऱ्या दिवशी ती जयसिंगपूरहून पहिल्या गाडीनं आली. वितरकाला आम्ही नाही म्हणून कळवलं. व्यापाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे आता होतं. डबी वाट बघणाऱ्या माणसांसाठी होती. ज्यांचं कामच बसून राहणं आहे, आणि कुणी समोर आलं की लगेच उठणं आहे, त्यांच्यासाठी.

पंधरा दिवसांनी मावशीचा निरोप आला, डबी बंद पडली. आम्ही दोघी गेलो. डबी गुलाबी झाली होती. रविवारच्या गर्दीत उधळलेला गुलाल बटणांच्या फटीतून आत जाऊन बसला होता. मावशी अपराधी चेहऱ्यानं म्हणाली, "मी न्हाय ओ काय केलं." मैत्रिणीनं तिचा हात धरला आणि सांगितलं की ही फट शोधून तिनं आमचंच काम केलंय. शेजारच्या दोन दुकानदारांनी तेवढ्यात विचारून घेतलं, आमालाबी मिळंल का.

काकांनी डबी उघडली, आतला गुलाल बोटावर घेतला. "बटणाखाली सलग रबर घाला. पातळ. एकच पत्रा, चारी बटणांस्नी," ते म्हणाले. रबर करून आणलं. मग ते खरंच गुलाल अडवतं का हे बघायला काकांनी प्लास्टिकच्या पिशवीत किलोभर गुलाल आणि डबी घालून पिशवी जोरात हलवली. पिशवी फाटली. काकांची मिशी, माझं टेबल, मैत्रिणीची पांढरी ओढणी, सगळं गुलाबी. डबी मात्र चालू होती. काका तसेच घरी गेले. दुसऱ्या दिवशी सांगत होते, "मंडळी म्हणाली, कुठली निवडणूक जिकून आलासा?"

दुसऱ्यांदा आम्ही हॉल घेतला नाही. डब्या पिशवीत भरून एका बुधवारी जोतिबावर दुकानोदुकानी फिरलो. प्रत्येकाच्या हातात डबी द्यायची आणि शेजारी बसून राहायचं, एवढंच. संध्याकाळी पिशवी रिकामी झाली. पुढच्या आठवड्यात नृसिंहवाडीला गेलो, तिथल्या पेढ्यांच्या दुकानांतून. तिथे एका म्हाताऱ्या दुकानदारानं नावाड्याचा खेळ खेळून बघितला आणि मैत्रिणीला झापलं.

"पाणी वाढल्यावर नाव अशी सरळ जाती व्हय? कधी नदी बगितलाईसा का न्हाय?"

"कशी जाते मग?"

त्यानं पेढ्याच्या खोक्यावर बोटानं रेघ काढून दाखवली. आधी काठाकाठानं वर घ्यायची, मग तिरकी सोडायची, धार आपोआप पलीकडे नेते. मैत्रिणीनं ते वहीत उतरवून घेतलं. पुढच्या डब्यांमध्ये नाव तशीच जाते. आधीच्या नावाड्यापेक्षा हा खेळ फार चांगला आहे, आणि तो आम्हा दोघींना बसल्या जागी सुचला नसता.

पहिल्या तीनशे डब्या आता संपल्या. त्यानंतर दोनदा नव्यानं ओतल्या. डबी काही घराघरांत पोहोचलेली नाही, आणि पोहोचेल असं मला वाटतही नाही. माझं वर्कशॉप दुरुस्तीवरच चालतं. पण एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीत, शाळेच्या फाटकाशी, रसवंतीच्या बाकावर ती कधीमधी दिसते. मी बघते, पण ती आम्ही केली असं सांगत नाही. मैत्रीण आता आठवड्यातले चार दिवस कोल्हापुरात असते आणि माझ्या मागच्या टेबलावर बसते. आम्ही अजून भांडतो, बहुतेक अक्षरांच्या आकारावरून. मावशीला अक्षरं मोठी हवी आहेत, मैत्रीण म्हणते मग वाघ मावत नाही.

मागच्या महिन्यात एका कॉलेजचे वॉचमन डबी दुरुस्तीला घेऊन आले. सेल फुगून आतलं पाणी सेलखालच्या धातूच्या पट्टीवर उतरलं होतं. मी पट्टी घासून साफ केली, नवे सेल घातले. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, मी नको म्हटलं. ते काही ऐकेनात. शेवटी टपरीवर जाऊन काकांना, मला आणि स्वतःला असा तिघांचा चहा सांगून आले आणि चहा येईपर्यंत दारातल्या स्टुलावर बसून त्यांनी वाघ-शेळी लावली. मी माझ्या कामाला लागले. टेबलावर एका लेथ मशिनचं कार्ड होतं, सकाळपासून त्यातला बिघाड सापडत नव्हता. ते एकेक शेळी हलवत होते, मी एकेक भाग मीटरनं तपासत होते.

चहावाला आला तसे ते उठले, डबी खिशात घातली आणि ग्लास माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "घ्या ताई. गार हुतोय."